अनुभवी पोलीस छोट्या गावात आणायचा तर: अमेरिकेतल्या 'लॅटरल' भरतीचा हिशेब

ऑगस्ट २०२३. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं गुडह्यू हे गाव, वस्ती साधारण १,३००. तिथल्या पोलीस चीफने राजीनामा दिला. मागोमाग दुसऱ्या पूर्णवेळ ऑफिसरने दिला, पाच अर्धवेळ ऑफिसरांनीही दिला. खातं रिकामं! तासाला २२ डॉलरमध्ये इथे कुणी येणार नाही, असं चीफने गावाच्या कौन्सिलला आधीच सांगितलं होतं. शेवटी गावाला काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफशी, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाशी, करार करावा लागला.

नमस्कार मंडळी. छोट्या गावाला अनुभवी, तयार पोलीस कसा मिळतो आणि मिळवताना गाव कुठे फसतं, हे आज बघू.

आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी आधी एक खुलासा. वाईच्या नगरपालिकेला पोलीस नेमता येत नाही. पोलीस राज्याचे, शिपाई जिल्ह्याच्या आस्थापनेवर, आणि वर साताऱ्याचे एसपी. अमेरिकेत गावाचं खातं हे गावाचंच असतं. पगार कौन्सिल ठरवतं, चीफ गाव नेमतं, भरतीची जाहिरातही गावच देतं. अशी सुमारे १२,००० स्थानिक खाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खात्यांत दहासुद्धा ऑफिसर नाहीत. एका खात्यातला शपथ घेतलेला ऑफिसर सरळ दुसऱ्या खात्यात येतो, त्याला 'लॅटरल' म्हणतात. आपल्याकडे शिपायाने विनंतीवरून आंतरजिल्हा बदली घेतली की ज्येष्ठता यादीत तो तळाला जातो. तिथे उलट, अनुभव मोजून वरच्या पायरीवर पगार देतात. ओढाओढी त्यामुळेच होते.

एका ऑफिसरच्या जाण्याने एवढं काय बिघडतं?

[पडद्यावर: ८,७६० भागिले १,७००]

वर्षाचे तास ८,७६०. आठवड्याला ४० तासांनी एका ऑफिसरचे कागदावर होतात २,०८०. त्यातून सुट्या, सण, आजारपण, ट्रेनिंग, कोर्टातल्या साक्षी वजा केल्या की रस्त्यावर मिळतात अंदाजे १,७००. भागाकार येतो पाचाच्या थोडा वर. म्हणजे गावात चोवीस तास एक गाडी फिरती ठेवायला पाच माणसं लागतात. एक! दुसरी गाडी नाही, मदतीला कुणी नाही. पाचातला एक गेला की त्याचे १,७०० तास उरलेल्या चौघांच्या डोक्यावर, म्हणजे दरडोई चारशेच्या वर. चौघं दमतात, मग त्यातला एक शेजारच्या गावाची जाहिरात उघडतो.

नवशिक्या घेतला तर अर्ज आणि पार्श्वभूमी चौकशीत तीन-चार महिने जातात, मग पोलीस अकादमी, मग फील्ड ट्रेनिंग, म्हणजे जुन्या ऑफिसरबरोबर गाडीत बसून शिकणं. एकटा गाडी घेऊन निघेपर्यंत वर्ष उलटतं. वॉशिंग्टन राज्यात मूळ अकादमी ७२० तासांची आहे, तर दुसऱ्या राज्यातून आलेल्या अनुभवी ऑफिसरचा समकक्षता कोर्स ८० तासांचा. लॅटरलचा खरा फायदा हा वेळेचा आहे. तो पैशाने स्वस्त पडतो, हा समज काढून टाका.

प्रमाणपत्राचं बघा. पोलिसाचं प्रमाणपत्र किंवा लायसन्स राज्याचं असतं आणि राज्याची सीमा ओलांडली की ते आपोआप चालत नाही. प्रत्येक राज्याचा बोर्ड वेगळा, नियम वेगळे. फ्लोरिडात समकक्षतेसाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. कॅलिफोर्नियात सेवेत तीन वर्षांचा खंड पडला की पुन्हा पात्रता मिळवावी लागते. म्हणून उमेदवाराचा पहिला फोन आला की पहिला प्रश्न हाच: कुठल्या राज्याचं प्रमाणपत्र, आणि शपथेवरचा शेवटचा दिवस कोणता? त्या दोन उत्तरांवर बोर्डाला लेखी विचारा. 'चालेल बहुतेक' एवढ्यावर ऑफर दिलेली गावं नंतर सहा महिने पगार देऊन माणसाला टेबलावर बसवून ठेवतात.

आता पैसा. मोठ्या बोनसच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहराने ७५,००० डॉलर जाहीर केले. दहा ऑफिसरांच्या गावाने त्या शर्यतीत उतरूच नये. जो १०,००० साठी येतो, तो १५,००० साठी जातोही. द्यायचाच असेल तर तीन हप्ते करा: रुजू होताना, फील्ड ट्रेनिंग संपल्यावर, आणि तिसरा वर्ष-दोन वर्षांनी. लवकर सोडल्यास किती परत करायचे, हे करारात आकड्यांत लिहा. आणि एक गोष्ट उमेदवाराला आधीच सांगा: बोनसवर फेडरल, म्हणजे केंद्राचा, आयकर साधारण २२ टक्क्यांनी कापला जातो, वर बाकीच्या कपाती. १०,००० ऐकलेल्या माणसाच्या बँक खात्यात साडेसात हजार आले की पहिल्याच पगाराला मन खट्टू होतं.

बोनसपेक्षा महत्त्वाची पगाराची पायरी. समजा सुरुवातीचा पगार ५८,००० आहे, पाचवी पायरी ७०,००० आहे, आणि आठ वर्षं नोकरी झालेल्या माणसाला तुम्ही थेट पाचवीवर घेताय. पण तुमच्याच गावात सहा वर्षं रात्रपाळी केलेला माणूस चौथीवर आहे. त्याला हे जाहिरातीतून कळलं तर एक माणूस येईल आणि एक जाईल. म्हणून जाहिरातीच्या आधी युनियनशी बसा आणि करारात पुरवणी करून घ्या. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. पगाराची पायरी एकूण अनुभवावर, रजाही एकूण अनुभवावर, पण पाळी निवडण्याचा हक्क मात्र या गावात रुजू झाल्याच्या तारखेवर. जुन्यांचं पित्त खवळतं ते बहुतेक पाळीवरून. पगारातला फरक माणूस एकवेळ गिळतो, पण नवा आला आणि आपला रविवार गेला, हे गिळत नाही.

फेडरल अनुदान मिळतं ना, असं कौन्सिलमध्ये कुणीतरी म्हणतंच. कॉप्स हायरिंग प्रोग्रॅम आहे खरा. पण तो सुरुवातीच्या पायरीचा पगार आणि भत्ते धरून त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत देतो, तीन वर्षं, आणि एका ऑफिसरमागे कमाल १,२५,००० डॉलर. गणित करा. सुरुवातीचा पगार आणि भत्ते मिळून वर्षाला ८०,००० धरले तर तीन वर्षांचे २,४०,०००. त्याचे ७५ टक्के १,८०,०००, पण हातात येणार १,२५,०००. उरलेले १,१५,००० गावाचे. वर पाचव्या पायरीचा फरक, वर्षाला १२,००० म्हणजे ३६,०००, तोही गावाचाच. शिवाय अनुदान संपल्यावर ती जागा आणखी किमान १२ महिने गावाच्या पैशातून टिकवावी लागते. चौथ्या वर्षाचा आकडा अंदाजपत्रकात नसेल तर अर्जच करू नका.

आणखी एक बारकावा. फेडरल कायद्यात, पाचपेक्षा कमी पोलीस कर्मचारी असलेल्या खात्याला ओव्हरटाइमच्या नियमातून सूट आहे. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो बघा. पण पाचवा माणूस घेतला की ही सूट जाते. मग पोलिसांसाठीचा २८ दिवसांचा हिशेब वापरता येतो, त्यात १७१ तासांनंतर ओव्हरटाइम लागतो. बारा-बारा तासांच्या १४ पाळ्या म्हणजे १६८. मध्ये उरले तीन तास. पाळी संपता संपता एक अपघात, त्याचा पंचनामा, आणि ते तीन तास संपले.

पेन्शन उमेदवार स्वतःच विचारेल, कारण त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तरी कॅलिफोर्नियाची दोन टोकं सांगतो. तिथल्या कॅलपर्समध्ये, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन व्यवस्थेत, दोन नोकऱ्यांच्या मध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला तर माणूस २०१३ नंतरच्या, कमी लाभाच्या गटात जाऊ शकतो. तुमची चौकशी रेंगाळली आणि तो मधल्या काळात घरी बसला, तर नुकसान त्याचं आयुष्यभराचं. आणि निवृत्त माणूस कामावर घेताय? कॅलपर्सची पेन्शन घेणाऱ्याला तिथल्याच सदस्य खात्यात आर्थिक वर्षात ९६० तासांचीच मुभा आहे. तो तुमची अर्धी पाळी भरेल, पूर्ण नाही.

आता सगळ्यात मोठा भाग. फाइल.

अमेरिकेत 'भटके ऑफिसर' असा शब्द रूढ आहे, एका खात्यातून काढलेले आणि दुसरीकडे लागलेले. २०२० मध्ये येल लॉ जर्नलमध्ये यावर फ्लोरिडाचा अभ्यास आला. तीस वर्षं, जवळपास ५०० खाती, सुमारे ९८,००० ऑफिसर. कुठल्याही वर्षी नोकरीत असलेल्यांपैकी साधारण तीन टक्के लोक आधी कुठून तरी काढलेले होते. ते जास्त करून कमी साधनांच्या खात्यांकडे वळत होते, आणि पुन्हा काढले जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. कमी साधनांचं खातं म्हणजे कोण? आपण ज्याबद्दल बोलतोय तेच.

क्लीव्हलँडचं उदाहरण जगाला माहीत आहे. २०१४ मध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसवर गोळी झाडणारा ऑफिसर आधी ओहायोतल्याच इंडिपेंडन्स या छोट्या उपनगराच्या खात्यात होता. तिथल्या वरिष्ठांनी शस्त्रप्रशिक्षणातल्या त्याच्या वागण्यावर लेखी नोंद केली होती आणि तो तिथून बाहेर पडला होता. क्लीव्हलँडने ती फाइल बघितलीच नव्हती. कागद होता, थोड्याच अंतरावर होता, कुणी उघडला नाही.

तर उघडायचा कसा? उमेदवाराकडून सही केलेलं संमतिपत्र घ्या आणि माणूस पाठवा. फोन करू नका. फोनवर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत नोकरीत होता' एवढंच ऐकायला मिळतं. जाणाऱ्याने अंतर्गत चौकशीची पूर्ण यादी मागायची. सिद्ध झालेल्या तक्रारींबरोबर सिद्ध न झालेल्याही, आणि राजीनाम्याच्या दिवशी उघड्या असलेल्या तर सगळ्यात आधी. 'चौकशी चालू असताना राजीनामा' ही ओळ दिसली की थांबा आणि ती चौकशी कशाची होती ते शोधा. बळाच्या वापराचे अहवाल, शेवटच्या तीन-चार वर्षांची मूल्यमापनं, गाडीचे अपघात बघा. जुनं खातं फाइल दाखवायलाच तयार नसेल, आणि समझोत्यात ती सीलबंद झाली असेल, तर उमेदवाराला ती उघडायला सांगा. तो नाही म्हणाला की विषय संपला.

मग सरकारी वकिलाचं कार्यालय. सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या ब्रेडी आणि १९७२ च्या जिग्लिओ निकालांमुळे, साक्षीदार पोलिसाच्या खरेपणावर डाग असेल तर तो बचाव पक्षाला कळवावा लागतो. अशा पोलिसांची जी यादी वकिलाकडे असते, त्यात ज्याचं नाव आहे, त्याने केलेली अटक कोर्टात लुळी पडते. मोठ्या खात्यात अशा माणसाला गोदामात किंवा खिडकीवर बसवता येतं. पाचजणांच्या खात्यात बसवायला खिडकी कुठे आहे? म्हणून दोन्हीकडे विचारा: जुन्या काउंटीच्या वकिलाला, आणि आपल्या. आपला वकील म्हणाला 'मी याला साक्षीला उभा करणार नाही', तर तो उमेदवार कितीही चांगला असो, उपयोगाचा नाही.

नॅशनल डिसर्टिफिकेशन इंडेक्स या सूचीत नाव तपासा. पण त्यात बहुतेक करून ज्यांच्या प्रमाणपत्रावर कारवाई झाली तेच सापडतात. काढून टाकलेला, पण प्रमाणपत्र शाबूत असलेला माणूस त्यात दिसणार नाही. सूची कोरी म्हणजे माणूस कोरा, असं नाही.

उमेदवाराने दिलेली संदर्भाची नावं बाजूला ठेवा आणि न दिलेल्या तिघांशी बोला. त्यात एक डिस्पॅचर हवा, म्हणजे कॉल घेऊन रेडिओवरून गाड्या पाठवणारा माणूस. रात्री तीन वाजता रेडिओवर कोण चिडतो, कोण कॉलला उशिरा पोचतो आणि कोण हाक मारली की लगेच उत्तर देतो, हे डिस्पॅचरइतकं कुणालाच माहीत नसतं.

मानसिक आणि वैद्यकीय तपासणी सशर्त ऑफर दिल्यानंतर करायची, अपंगत्वविषयक कायद्यामुळे हा क्रम पाळावाच लागतो. 'जुन्या खात्यात झालीय ना' म्हणून मानसिक तपासणी वगळू नका. ती झाली तेव्हा तो नवशिका होता. आणि परिवीक्षेचा काळ माफ करू नका, पूर्ण वर्ष ठेवा. चांगला लॅटरल त्याला हरकत घेत नाही.

फील्ड ट्रेनिंग आखडतं घेता येतं, पण ते शून्य करू नका. बहुतेक खाती १९७२ च्या सॅन होजेच्या पद्धतीचं काही ना काही रूप वापरतात: रोजचा निरीक्षण अहवाल, एक ते सात गुण, चार म्हणजे चालण्याजोगं. अनुभवी माणसाच्या अहवालात गाडी चालवण्याला सहा, लोकांशी बोलण्याला सहा, आणि रेडिओला दोन असे आकडे दिसतात. कारण जीभ जुन्या खात्याची असते. रेडिओवरचा कोड १०-५० म्हणजे बऱ्याच ठिकाणी अपघात, पण सगळीकडे नाही. दमलेल्या रात्री तोंडातून जुना कोड जातो आणि डिस्पॅचर भलतंच पाठवतो. दुसरी अडचण नकाशाची. शहरातून आलेल्याला चौकाचौकांवर पाटी बघायची सवय असते. इथे पत्ता 'जुन्या गिरणीच्या मागे' असतो. तिसरी, राज्याचा कायदा: झडती, पाठलाग, अल्पवयीन मुलं. हे त्याला येतं असं त्यालाच वाटत असतं, म्हणून लेखी परीक्षा घ्या. सहा ते आठ आठवडे धरा.

आणि ऑफर देण्याआधी दोन पाळ्या गाडीत शेजारी बसवा, त्यातली एक रात्रीची. मदतीला येणारी सगळ्यात जवळची गाडी वीस मिनिटांवर असेल तर तो वीस मिनिटांचा रस्ता त्याला दाखवा. बायकोला किंवा नवऱ्याला बोलवा. घरभाडं, शाळा, तिच्या किंवा त्याच्या नोकरीची शक्यता, हे चीफने स्वतः बसून सांगावं. रुजू होण्याची तारीख शाळा सुरू होण्याच्या आधीची ठेवा. शेजारच्या काउंटीतला माणूस ओढत असाल तर आधी त्यांच्या शेरीफला फोन करा. ती वीस मिनिटांवरची गाडी त्यांचीच असते.

एवढं करूनही कुणी मिळालं नाही, तर गुडह्यूसारखा शेरीफशी करार उरतो. तो करताना एकच कलम डोळ्यांत तेल घालून वाचा: आठवड्याला जे तास विकत घेतलेत, ते डेप्युटी (शेरीफचा ऑफिसर) गावाच्या हद्दीत असल्याचे तास आहेत, की काउंटीच्या ठाण्यावरून निघून परत पोचेपर्यंतचे? येण्याजाण्याचा अर्धा-अर्धा तास त्यात धरला, तर आठ तासांची पाळी गावाला सात तासांची पडते. हे सहीच्या आधी लिहून घ्या.