टेप तिथेच राहू द्या, मदत इथून पाठवू

नमस्कार मंडळी. विषयाचं नाव पाटीवर जरा लांबलचक झालंय, मी सोप्या शब्दांत सांगते. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट, स्पूल, व्हिडिओ टेप पडून आहेत आणि त्या आता खराब होत चालल्यात, त्यांना आपण इथे ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत बसून डिजिटायझेशनसाठी काय मदत करू शकतो, त्यांच्या टेप इथे न आणता. हे "न आणता" महत्त्वाचं आहे, आज मी मुख्यतः त्यावरच बोलणार आहे.

आधी घाई कसली आहे ते सांगते. लोकांना वाटतं टेप जुनी झाली की खराब होते, ते खरंच आहे, पण त्याच्याआधी मशीन संपतंय. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ साली, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ ला, सोनीचं डॅट, म्हणजे आवाज डिजिटल भरणारी छोटी टेप, १९८७ ला. सोनीने डॅट मशीन बनवणं २००५ मध्ये थांबवलं आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत काम बंद केलं. म्हणजे आज जे मशीन चालू आहे ते चालू आहे, नवीन येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि साउंड आर्काइव्हने २०१५ मध्येच सांगितलं होतं की २०२५ पर्यंत टेप उतरवून घ्या, नंतर मशीन, पार्ट आणि दुरुस्त करणारा माणूस तिन्ही मिळणार नाहीत. पुढे युनेस्को आणि आयासा, म्हणजे जगभरच्या ध्वनी-चित्र संग्रहांची संघटना, यांनी मिळून मॅग्नेटिक टेप अलर्ट काढला, त्यातही तोच २०२५ चा सुमार होता. ती मुदत आपल्या डोळ्यांसमोर गेली.

आणि आपली हवा! टेपला ३० ते ४० टक्के दमटपणा मानवतो, आपल्याकडे जुलैमध्ये ८० च्या वर असतो आणि तो महिनोन् महिने. कपाटातून कॅसेट काढून उजेडात धरा, खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कल्याण-बदलापूरपर्यंत तळमजले पाण्याखाली गेले, त्यात कोणाकोणाच्या घरातले आवाज गेले त्याची यादी कोणी केलेली नाही, करणार तरी कशी.

सिनेमाचं नुकसान निदान आपल्याला माहीत तरी आहे. १९३१ चा आलम आरा, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट सापडत नाही. मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच शिल्लक आहेत. पण सिनेमासाठी १९६४ पासून पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यावर लिहिणारे, भांडणारे लोक आहेत. माझा जीव तुटतो तो ज्यांच्यासाठी कोणीच भांडत नाही त्या टेपांसाठी. आपल्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत लग्नात धवले गायचे, धवलारीण गायची, पूर्वी लग्न लावायचं कामच तिचं असायचं. कोणाच्या तरी मामाने गल्फमधून टेपरेकॉर्डर आणलेला, तो मांडवात ठेवून दिलेला, त्या कॅसेट घणसोली-करावे-दिवाळ्याच्या घरांत माळ्यावर आहेत. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, सिडको १९७० ची, जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवरचा जासईचा गोळीबार १९८४ चा. त्या आंदोलनाच्या सभा कोणी रेकॉर्ड केल्या असतील, आंबेडकरी जलशांच्या रात्री कोणी रेकॉर्ड केल्या असतील, त्याची दुसरी कॉपी कुठेच नाहीये. एकच कॉपी म्हणजे काय ते २ सप्टेंबर २०१८ ला रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली तेव्हा जगाने बघितलं, ज्या आदिवासी भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं त्यांची रेकॉर्डिंगं त्यात गेली.

आता "न आणता" का. सगळ्यांना पहिलं हेच सुचतं की टेप गोळा करा, मुंबईला आणा, चांगल्या स्टुडिओत एकदम उतरवून टाका. मला हे पटत नाही आणि त्याची कारणं आहेत. एक तर प्रवास. एसटीच्या डिकीत उन्हात तापलेली कॅसेट, कुरियरच्या गोडाउनमध्ये पावसात भिजलेलं खोकं. दुसरं म्हणजे विश्वास, गावोगावी कोणीतरी अभ्यासाला म्हणून टेप घेऊन गेलाय आणि परत आलाच नाही, हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की लोकांनी खोकं देऊ नये असंच मला वाटतं. पण सगळ्यात मोठं कारण तिसरं, टेपमध्ये काय आहे हे ओळखणारी माणसं तिथे आहेत. टेप आणली तर आवाज येतो, ओळख तिथेच राहते.

जव्हारच्या बाजूला एक छोटी संस्था आहे, नाव घेत नाही कारण त्यांना गर्दी नकोय. जव्हार-मोखाडा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे, म्हणजे हे काही परक्यांचं काम नाही. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक भरून कॅसेट, तारपा, लग्नात धवलेरी भिंतीवर काढलेल्या चौकासमोर म्हणते ती गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. आम्ही काही जणांनी मिळून इथून काय पाठवलं, तर सर्व्हिस केलेला एक कॅसेट डेक, त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड आणि मास्क. डेक मिळवणं हेच अर्धं काम होतं. वीस वर्षं बंद पडलेल्या डेकचे रबरी बेल्ट वितळून काकवीसारखे चिकट होतात, ते खरवडून काढायचे, नवे बसवायचे, आणि हे काम येणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आता शोधावे लागतात. तिकडे बारावी झालेली एक मुलगी हे काम बघते आणि आम्ही फोनवर.

फोनवर म्हटलं की लोकांना वाटतं व्हिडिओ कॉल लावला की झालं. कॅमेऱ्याचं काम कॉलवर छान होतं, टेपवरचा आवाज वाचणारं हेड कसं पुसायचं, कॅसेटच्या आतल्या फेल्टच्या बारीक पॅडचा गोंद सुटलाय का, टेप कुठे दुमडलीये का, हे दिसतं. पण आवाज कॉलवर अजिबात तपासायचा नाही! हे कॉलचे ॲप माणसाचं बोलणं ठेवतात आणि बाकीचं खरखर समजून दाबतात, आम्हाला नेमकी तीच खरखर ऐकायची असते. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं तरी दाबलं जाण्याची भीती. म्हणून नियम असा की एक मिनिटाची मूळ, न दाबलेली वेव्ह फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, आम्ही इथे तिचा स्पेक्ट्रोग्राम बघतो, म्हणजे आवाजाचं चित्र. वरच्या बाजूचे बारीक सूर फिके पडलेले दिसले तर पहिला संशय ॲझिमुथवर.

ॲझिमुथ म्हणजे हेड टेपला नेमकं काटकोनात आहे की नाही. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवला की झांज, घुंगरू, "स" आणि "श" हे सगळं एकदम उघडतं. गंमत अशी की प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली असते आणि त्या रेकॉर्डरचं हेड जसं वाकडं होतं तसंच आपलं वाकडं करावं लागतं, म्हणून प्रत्येक कॅसेटला नव्याने. ती मुलगी हेडफोनवर दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकते आणि स्क्रू फिरवत जाते, जिथे आवाज सगळ्यात चकचकीत तिथे थांबते. सुरुवातीला प्रत्येक वेळी आम्हाला फाईल पाठवायची, आता तिचे कान आमच्यापेक्षा तयार झालेत. मला विचाराल तर लांबून केलेल्या मदतीचं यश यातच मोजायचं, आपली गरज किती कमी झाली त्यात.

फाईल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे आवाजाचे नमुने किती दाट आणि किती बारकाईने घ्यायचे त्याचे आकडे. आयासाच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ४८ किलोहर्ट्झ २४ बिट सांगितलंय, पण ९६ जमत असेल तर ९६ घ्या. तासाला साधारण २ जीबी होतात. ९० मिनिटांच्या २०० कॅसेट असतील तर ३०० तासांचं नुसतं वाजणंच, कारण हे काम टेपच्याच वेगाने होतं, घाई करता येत नाही, आणि ६०० जीबी. व्हिडिओचं तर आणखी अवघड, न दाबलेला जुना व्हिडिओ तासाला १०० जीबीच्या घरात जातो, एफएफव्हीवन नावाचं फुकट आणि खुलं कोडेक, म्हणजे फाईल लहान करायची पद्धत, आहे, त्यात काहीही न गमावता तो निम्म्याच्या आसपास येतो. एवढं सगळं तिथल्या नेटवरून अपलोड होत नाही. म्हणून मूळ टेप हलत नाही पण हार्ड डिस्क हलते. प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला एक लांब आकडा, ती टेक्स्ट फाईल आधी फोनवर येते, मग डिस्क येते, आम्ही इथे तोच आकडा पुन्हा काढतो, एक बिट जरी बदललेला असला तरी आकडा जुळत नाही. एक कॉपी तिथे, एक इथे, एक तिसऱ्या गावी.

आणि साफसफाई करायची नाही. नॉइज रिडक्शन वगैरे जे करायचं ते वेगळ्या कॉपीवर. मास्टरमध्ये, म्हणजे टेपवरून उतरवलेल्या मूळ फाईलमध्ये, कोंबडा ओरडतो, मागून कोणीतरी बाई "जरा थांब, पोरगं रडतंय" म्हणते, ते सगळं राहिलं पाहिजे, कारण कुठे बसून, कोणासमोर गायलं ते त्यातूनच कळतं.

ओळखीचं काम कसं होतं ते सांगते. फाईल स्पीकरवर लावायची, चार म्हाताऱ्या बसतात. कॅसेटवर नुसतं "लग्न" लिहिलेलं. पहिल्या दोन ओळींतच एक आजी म्हणाली, ही माझी नणंद, आणि ही हळदीची वेळ आहे, पुढे चौकाचं येईल. आलं. मग म्हणाली, हे लग्नाशिवाय म्हणायचं नसतं, मोबाईलवर नको टाकू. झालं, त्या फाईलसमोर तसं लिहिलं गेलं आणि ती टाकली जाणार नाही. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू लोकांबरोबर मुकुर्तु नावाची व्यवस्था तयार झाली, तिच्यात कोणी काय बघायचं ते समाजच ठरवतो, आपल्याकडे साध्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढवूनसुद्धा सुरुवात होते. कायद्याने बाजारातल्या रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण आजीचं "नको" कुठल्याच कायद्यात बसत नाही, ते आपणच पाळायचं.

नाव-गाव लिहून ठेवल्याने काय होतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याकडेच आहे, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी पुण्यातून हे काम उभं केलं, बायकांच्या एक लाखाच्या वर ओव्या जमल्या आणि प्रत्येकीला बाईचं नाव, गाव, तालुका. त्यातलं रेकॉर्डिंग नव्वदच्या दशकात डॅटवर झालं, तेच डॅट ज्याची मशीन आज मिळत नाहीत. वेळेत उतरवलं म्हणून वाचलं, आणि नोंदी होत्या म्हणून पारीचे, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाचे लोक २०१७ नंतर त्याच गावांत जाऊन त्याच बायकांना पुन्हा भेटू शकले, कोणाकोणाच्या मुलींना भेटले.

लांबून सगळं जमतं असं मी म्हणणार नाही. बुरशी असेल तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत, मास्क लावून, आणि वाजवायची नाही, एक बुरशीची टेप डेकमधून गेली की पुढच्या सगळ्यांना लागते. स्पूल वाजवताना किंचाळते, हेडवर तपकिरी मळ सोडते, तर थांबा. काही कंपन्यांच्या टेपचा गोंद हवेतलं पाणी पितो, ती टेप साधारण ५४ अंशाला तासन् तास भाजून मग उतरवतात, घरच्या ओव्हनमध्ये कोणीही करायचं नाही. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला तर बाकीच्या डब्यांपासून दूर ठेवा आणि जाणकाराला गाठा.

तुमच्याकडून काय हवंय. डेक भंगारात देऊ नका, बंद असला तरी, पार्ट लागतात. इथे ऐरोली-महापेला आयटीत काम करणारे इतके जण बसलेत, चेकसमची स्क्रिप्ट, बॅकअप, हे तुम्हाला रोजचंच आहे, आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. आगरी, वारली, कातकरी बोली कानाला सवयीची आहे त्यांनी ऐकून टाईप करायला बसा. आणि पैसे द्यायचे असतील तर आधी तिकडे काम करणाऱ्या मुलीच्या पगाराला द्या. मशीनला देणगीदार मिळतो, फोटो निघतो, पगाराला मिळत नाही, आणि काम अडतं ते पगारापाशी, दोन हजार चांगल्या फाईल अर्धवट यादीसकट पडून राहतात कारण मुलीला दुकानात नोकरी मिळाली.

(प्रश्नोत्तरांत एका काकांनी विचारलं की कॅसेट वाजवून समोर मोबाईल ठेवून रेकॉर्ड केलं तर चालेल का.)

काका, शक्य असेल तर नको, खोलीचा पंखासुद्धा त्यात येतो. तुमच्या टेपरेकॉर्डरला हेडफोनचं भोक असेल तर तिथून केबल लॅपटॉपच्या लाईन-इनला, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह, रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याआधी कॅसेटच्या वरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. पण कोणाचा आवाज आहे त्यात? आईचा? मग आधी अजिबात वाजवू नका, मला कॅसेटच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेपचा एक फोटो पाठवा, आणि आईला ओळखणारं घरात आणखी कोण आहे त्यांना सांगून ठेवा की ऐकायला बसायचंय.