बोटांवर मोजलेलं बेट

(दृश्य: क्युरपिप शहरातली वनस्पती बाग. पावसाची भुरभुर. लोखंडी सांगाड्याच्या आत एक उंच, किडकिडीत झाड.)

या झाडाकडे नीट बघून घ्या. असं दुसरं झाड जगात नाही. कौतुकाने म्हणत नाही, मोजून सांगते. एक.

सुपारी-माडाच्या कुळातलं हे झाड. शास्त्रीय नाव हायोफोर्बी अमारिकॉलिस. शेंड्याला मोजक्या झावळ्या, राखणीला भोवती लोखंड. अजून फुलतं ते. पण नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे एकाच झाडावर राहून त्यांची गाठ पडत नाही. क्वचित बी धरलंच, तर त्यातला गर्भ काढून प्रयोगशाळेत रोपं वाढवून बघितली गेली. काचेत ती जगली, मातीत आल्यावर मेली.

हे झाड आहे मॉरिशसमध्ये. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे साधारण निम्मा गोवा. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. पर्यटनाच्या जाहिरातीत दिसतं ते निळं पाणी खरंच तितकं निळं आहे, त्यात काही खोटं नाही. पण त्या पाण्याच्या अलीकडे जे उरलं आहे, ते बऱ्याचदा बोटांवर मोजावं लागतं.

(दृश्य: काळ्या दगडाचा कडा, त्यावर धुकं.)

हा दगड तुमच्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार घडलं, त्याच ठिकाणाने पुढे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढलं. आज तीच आग शेजारच्या रियुनियन बेटावर धुमसते आहे. रायगड आणि मॉरिशस एकाच चुलीवरचे.

माणूस मात्र इथे फार उशिरा आला. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले, तेव्हा बेटावर गर्द रान होतं, महाकाय कासवं होती, आणि जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. सस्तन म्हणून होती ती फक्त वटवाघळं. उडता न येणाऱ्या डोडो पक्ष्याची गोष्ट जगाला ठाऊक आहे. शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत तो संपला. मला त्याहून जास्त चटका लावतं ते आबनूस. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड, काळ्याभोर, लोखंडासारख्या जड लाकडाचं. वाढतं इतकं सावकाश की एका पिढीने लावलं तर तिसरी पिढी त्याला झाड म्हणेल. ते तोडून जहाजं भरभरून युरोपला गेलं.

डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले आणि रानाच्या जागी ऊस आला. उसाला माणसं हवी होती. १८३४ पासून राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर करारबद्ध मजूर उतरू लागले. आज तो आप्रवासी घाट जागतिक वारसास्थळ आहे, त्याच्या सोळा दगडी पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. त्या पायऱ्या चढलेल्यांत रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे लोकही होते. त्यांच्या पणतवंडांच्या घरी आज गणपती बसतो, गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते.

(दृश्य: उसाचा मळा, मधोमध काळ्या दगडांचा उंच ढीग.)

उसाच्या शेतांत हे ढीग अजून दिसतात. नांगर चालावा म्हणून एकेक धोंडा हाताने वेचून रचलेला. घरचा दगड सोडून आलेल्या माणसांनी इथे पुन्हा तोच दगड उचलला. रान तोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, त्यांच्या वाट्याला फक्त पाठीवरचं ओझं आलं. आज बेटावर मूळचं चांगलं रान दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. त्यातलं बरंचसं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात आहे. १९९४ साली ते घोषित झालं.

उद्यान केलं म्हणून रान वाचलं, असं नाही. तिथे शिरलात तर हिरवंगार दिसेल आणि डोळे फसतील. हिरव्यातलं पुष्कळसं बाहेरून आलेलं आहे. ‘चिनी पेरू’ म्हणतात ती लाल, बोराएवढ्या फळांची झुडपं इतकी दाट वाढतात की खाली मूळ झाडाचं रोप डोकं वर काढू शकत नाही. हंगामात लोक डोंगरावर जाऊन ते पेरू तोडतात आणि तिखट-मीठ लावून खातात. चव अप्रतिम. आवडीचं फळच रानाचा गळा आवळतं आहे, हे तिथल्या माणसाला समजावणं सोपं नाही. आता काही तुकड्यांना कुंपण घालून, आतला पेरू हाताने उपटून, मूळ झाडांना जागा करून दिली जाते. एकदा उपटून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

(दृश्य: कड्यावरच्या कपारीतून एक लहान शिकारी पक्षी झेप घेतो.)

आता हा पक्षी. मॉरिशस केस्ट्रल. आपल्याकडे खरुची म्हणतात, तिचा नातलग. १९७४ साली रानात असे किती पक्षी माहीत होते? चार. त्यात अंडी घालणारी मादी एकच.

रान गेलं होतं. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी अन्नातून पक्ष्यांच्या अंगात भिनलं होतं. उंदीर, माकडं आणि मांजरं माणसाबरोबर आली होती, उंदीर मारायला म्हणून आणलेलं मुंगूसही घरट्यापर्यंत पोहोचलं होतं. १९७९ मध्ये वेल्समधून कार्ल जोन्स नावाचा तरुण आला. हा पक्षी वाचवण्याचा प्रकल्प आवरता घे, असं सांगूनच त्याला पाठवलं होतं. त्याने आवरला नाही. तो कड्यावर चढून घरट्यातली पहिली अंडी काढून आणायचा आणि उबवणी यंत्रात ठेवायचा. अंडी गेली की मादी दुसऱ्यांदा घालते. ती तिच्याकडे राहू द्यायची. कोंबडी पाळणाऱ्या कुठल्याही बाईला ही युक्ती ठाऊक असते. पिल्लांना हाताने भरवायचं, मोठी झाली की रानात सोडायचं, सोडल्यावरही खाणं पुरवायचं, लाकडी पेट्या टांगून घरटी द्यायची. चाराचे शेकडो झाले.

गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास रानात दहा उरलं होतं, आज चारशेच्या वर आहे. इथला हिरवा एको पोपट १९८० च्या दशकात डझनभरही नव्हता, आता सातशेच्या पुढे गेला आहे. आपला ओळखीचा पोपट, लाल चोचीचा, तोही माणसाच्या हातून या बेटावर पोहोचला आहे आणि ढोलीसाठी आपल्याच या भाऊबंदाशी भांडतो. म्हणून एको पोपटालाही पेट्या बांधून द्याव्या लागतात. या आकड्यांनी मन भरून येतं. पण केस्ट्रलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं: संख्या पुन्हा घसरली आणि २०१४ मध्ये त्याला परत संकटग्रस्तांच्या यादीत घालावं लागलं. हात काढून घेतला की आकडा खाली येतो.

हाच देश २०१५ मध्ये वटवाघळांवर बंदुका घेऊन उठला. लिची आणि आंबा खातात म्हणून तीस हजारांहून जास्त वटवाघळं सरकारी आदेशाने मारली गेली. बागायतदाराचं नुकसान खरं होतं. पण मूळ झाडांच्या बिया रानभर पसरवणारा एवढा मोठा दुसरा जीव बेटावर उरलेला नाही. झाडाला जाळी घालता येते. मारणं चूक होतं, असं मी स्पष्ट म्हणेन.

(दृश्य: माहेबूरचा किनारा. काळं, जाड तेल लाटेबरोबर हेलकावतं.)

२५ जुलै २०२०. रात्री ‘वाकाशियो’ नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंत देनीजवळ प्रवाळाच्या भिंतीवर चढलं. लांबी सुमारे ३०० मीटर. माल काही नव्हता, पण टाक्यांत जवळजवळ ४,००० टन इंधन. खलाशांना मोबाइलचं सिग्नल मिळावं म्हणून जहाज किनाऱ्याकडे वळवलं होतं, हे पुढे चौकशीत उघड झालं. जहाजाचा कप्तान भारतीय होता.

बारा दिवस ते तसंच अडकून होतं. लोक किनाऱ्यावरून बघत होते. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे १,००० टन तेल पाण्यात आलं. जवळच ब्लू बेचं सागरी उद्यान, तिवराची बनं, आणि इल ओ एग्रेत हे राखीव बेट.

मग माहेबूरच्या लोकांनी जे केलं ते जवळून बघा. उसाचं पाचट आणलं, गाड्या भरभरून. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या. त्यात पाचट ठासून भरलं. तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या. तोंडं शिवली, आणि ही अजगराएवढी लांब वळकटी खांद्यावर घेऊन माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली. पाचट तेल शोषतं. केसही शोषतात, म्हणून लोकांनी आपले केस कापून दिले. साफसफाई आमच्यावर सोडा, असं सरकार सांगत होतं. कोणी ऐकलं नाही. कोपरापर्यंत काळे हात घेऊन म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी पोरं तिथे होती. ज्या उसासाठी बेटाचं रान गेलं, त्याच उसाचं पाचट समुद्र वाचवायला उभं राहिलं.

जहाज १५ ऑगस्टला दुभंगलं. महिनाअखेरीस डॉल्फिन मरून किनाऱ्याला लागू लागले, आणि २९ ऑगस्टला हजारो लोक पोर्ट लुईच्या रस्त्यावर उतरले.

(दृश्य: फ्लिक आं फ्लाकचा किनारा. सुरूच्या झाडांची मुळं वाळूबाहेर लोंबलेली.)

एवढा मोठा अपघात रोज होत नाही. रोजचं जे होतं त्याची बातमी होत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतल्या उथळ, शांत पाण्याला तिथले लोक ‘लागों’ म्हणतात. डोंगरावरून निघालेलं पाणी काही तासांत या लागोंत येतं. शेतातलं खत, गटारातलं सांडपाणी, बांधकामाची माती, सगळं त्याच्याबरोबर. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत तुफान पाऊस कोसळला, पाण्याला वाट मिळाली नाही आणि अकरा माणसं गेली. एरवी तेच पाणी मुकाट्याने प्रवाळावर जाऊन बसतं. वरून समुद्र तापतो आहे: १९९८, २००९, २०१६, प्रवाळ पुन्हा पुन्हा पांढरं पडलं. भिंत खचली की लाट थेट किनाऱ्याला भिडते. वाळू धरून ठेवायला लावलेल्या सुरूंची मुळं उघडी पडली आहेत. वेंगुर्ल्याच्या, गुहागरच्या माणसाला हे चित्र नवं नाही. लागोंतली वाळू बांधकामासाठी उपसणं २००१ मध्ये बंद केलं, काळा दगड भरडून त्याची वाळू वापरायला सुरुवात झाली. ते झालं नसतं तर आज आणखी वाईट दिसलं असतं.

आणि कचरा. सगळ्या बेटाचा कचरा मार शिकोझ या एका जागी जातो. १९९७ पासून. शेजारच्या गावातल्या लोकांना घरं सोडावी लागली. ढीग उंच होत गेला, कारण बेटाला वेशीबाहेरचा माळ नसतो. टाकायचं म्हटलं तर एकतर डोंगरावर, नाहीतर समुद्रात.

२०१६ च्या १ जानेवारीला प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बाजारात जुनी ‘तांत’ पुन्हा दिसू लागली, ‘वाक्वा’च्या पात्यांची विणलेली टोपली. वाक्वा म्हणजे केवड्याच्या जातीतलं झाड. त्याच्याच नावाच्या वाक्वा शहरात आज अनेक मराठी घरं आहेत.

(दृश्य: इल ओ एग्रेत. झुडपांमधून एक महाकाय कासव चालत येतं.)

अवघं २६ हेक्टरचं हे बेट. वाकाशियोचं तेल इथवर आलं, तेव्हा रोपवाटिकेतली हजारो रोपं आणि काही दुर्मीळ पक्षी होड्यांतून पलीकडे हलवावे लागले होते.

इथलं मूळचं महाकाय कासव कधीच नामशेष झालं आहे. म्हणून २००० सालापासून सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरच्या जातीची कासवं इथे आणून सोडली. ती दिवसभर चालतात, चरतात, आणि आबनूसाची पडलेली फळं खातात. इथे आबनूसाचं तोडून उरलेलं रान आहे, पण फळं झाडाखालीच पडून राहायची, बी पुढे न्यायला कोणी नव्हतं. कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे.

(कॅमेरा जमिनीलगत. वाळलेल्या विष्ठेतून वर आलेलं रोप.)

हे बघा. झाडापासून लांब, उघड्या जागेत. दोन पानं आहेत. उंची माझ्या करंगळीएवढी.