तालमीतले अस्मान आणि ‘शारदे’तला भुजंग

(दृश्य : पहाटेची तालीम, लाल माती)

कोल्हापुरात कोणी ‘तालमीला जातो’ म्हणाले, तर तो मातीत उतरणार की नाटकाचे संवाद म्हणणार, हे त्याचे कान कुस्तीत चुरगळले आहेत का, ते पाहून ठरवावे लागते. मूळचा हा अरबी शब्द शिकवण्याचा. येथे तो आखाड्याचे नाव झाला. मांडीवर पडणारी ही थाप म्हणजे शड्डू. निवडणुकीच्या बातमीत उमेदवाराने ‘शड्डू ठोकला’ असे छापून येते, तेव्हा मात्र कोणाच्याच मांडीला हात लागलेला नसतो.

(दृश्य : खासबाग मैदान, वरून)

या उघड्या मैदानात चीत झालेल्या मल्लाला खरोखरच आकाश दिसते, म्हणून ‘अस्मान दाखवणे’ येथील मुलांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ, आणि तो जुळेनासा झाला की घ्यावा लागतो तो लक्ष्यार्थ, असे साहित्यशास्त्र सांगते; मातीत वाढलेल्याला हे दोन्ही एकदमच दिसतात.

मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळाले.

(दृश्य : पेठेतील खोली, हौशी कलाकारांचे वाचन)

वाचन चालले आहे गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’चे. पैशासाठी मुलगी वृद्धाला देऊ पाहणाऱ्या बापाचे नाव कांचनभट, आणि कांचन म्हणजे सोने. पाऊणशे वयाच्या नवरदेवाचे नाव भुजंगनाथ. भुजंग म्हणजे साप एवढे सर्वांना ठाऊक असते, परंतु संस्कृतात त्याचा विट, म्हणजे लंपट पुरुष, असाही अर्थ आहे, आणि पुढे ‘नाथ’ जोडल्यामुळे ते नाव देवळातल्या देवासारखे सोवळे ऐकू येते. लग्नाच्या आड येणारा तरुण कोदंड, म्हणजे धनुष्य. ही नावे आम्हाला तरी सहज सुचलेली वाटत नाहीत. शारदा तर साक्षात वाग्देवता, आणि स्वतःच्या लग्नाविषयी बोलण्याची मुभा नाही ती तिलाच.

(१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, ते मात्र हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून.)

(दृश्य : संहितेवर पेन्सिल)

भुजंगनाथाचे काम करणारा मुलगा आता आपले नाव मध्येच तोडून, दोन शब्दांत म्हणून पाहतो आहे, आणि शारदा झालेली मुलगी हसू आवरत पुढच्या वाक्याची वाट पाहते आहे.