टर्बोआधी तेलाची नळी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आफ्टरमार्केट टर्बोचे पार्ट कसे निवडावेत’. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि आफ्टरमार्केट म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरून घेतलेला माल. त्यावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, कारण जो भेटेल त्याला मी हेच सांगत असतो: टर्बोवर खर्च करायचाय ना, मग पहिला रुपया टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीवर घाला.

माझी गाडी फियाटची लिनिया टी-जेट. 1.4 लिटर, 114 पीएस, रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली. हात वर करा, आणखी कुणाकडे आहे? तिघे! तिघांनाही नंतर चहा माझ्याकडून.

तर खंबाटकी घाट चढताना एकदा आरशात निळा धूर दिसला. टर्बो उतरवला, आतला शाफ्ट, म्हणजे दोन टोकांना पंख्याची व्हील असलेला दांडा, बोटांनी हलवला, तर कडकड वाजला. व्हील हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासत होतं. मी आफ्टरमार्केट कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि व्हील असलेला टर्बोचा मधला भाग, मागवलं. अखंड धातूतून कोरलेलं, म्हणजे बिलेट, कॉम्प्रेसर व्हील (हवा दाबणारं), सोबत बॅलन्सिंगचा कागद. इतकं सुरेख, की दोन दिवस नुसतं बघत होतो. बसवलं. 900 किलोमीटर चाललं आणि पुन्हा तोच धूर.

विकणारा म्हणाला, बसवणाऱ्याची चूक. मेकॅनिक म्हणाला, मालच हलका. तीन आठवडे हेच. मला पैशांपेक्षा याचा राग आला, की नक्की काय झालं हे शोधायची दोघांनाही गरज वाटली नाही. शेवटी एका रविवारी मी जुनी नळी हॅकसॉने उभी चिरली. आत काळं, काचेसारखं कडक कार्बन. भोक उरलं होतं उदबत्तीच्या काडीएवढं. आणि फ्लँजच्या, म्हणजे नळी टर्बोला जोडणाऱ्या पट्टीच्या, तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढा निळ्या सिलिकॉन पेस्टचा गोळा. नवं कार्ट्रिज तेलावाचून गेलं होतं! नळीचा खर्च वाचवायला जुनीच परत जोडली होती, आणि गॅस्केटवर वरून पेस्ट थापली होती.

हे का होतं बघा. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो. एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा 900 अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. साध्या बेअरिंगमध्ये शाफ्ट धातूवर टेकतच नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. आल्फ्रेड ब्यूखीने 1905 साली पेटंट घेतलं, तेव्हापासून कल्पना तीच आहे: वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं. तापलेली गाडी एकदम बंद केली की आत अडकलेलं तेल जळतं, त्याचं कार्बन नळीत साचतं. म्हणून घाट चढून आलात तर मिनिटभर इंजिन आयडलला राहू द्या. घाईत असलात तरी.

परतीची नळी तर कुणी बघतच नाही. टर्बोतून तेल फेसाळून निघतं आणि नुसत्या उताराने खाली जातं. ती नळी वाकली, चेपली, की तेल सीलमधून बाहेर येतं आणि लोक म्हणतात, सील गेलं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. मुद्दे भराभर सांगतो.

व्हीलचा आकार. मोठं व्हील म्हणजे इंजिन जोरात फिरताना ताकद, कमी फेऱ्यांवर उशीर. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर लहानच बरं. कॉम्प्रेसर मॅप मागा, म्हणजे टर्बो किती दाबाने किती हवा देतो त्याचा आलेख. विकणारा देत नसेल तर घेऊ नका. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो, म्हणजे तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त पळावं लागतं. मॅपवर त्यासाठी जागा ठेवा.

बॉल बेअरिंगचा टर्बो घेतलात तर तेल मोजून द्यावं लागतं, त्यासाठी रिस्ट्रिक्टर, म्हणजे बारीक भोकाचा तुकडा, लागतो. काहींमध्ये तो आतच असतो, आधी विचारा. तोच साध्या बेअरिंगच्या टर्बोला लावलात, तर तो उपाशी मरतो.

अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा दाब आवरणारा), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), इंजेक्टर (इंधन फवारणारा), क्लच हे सगळं हिशेबात धरा. बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून इंधन तेवढंच ठेवलं तर नॉकिंगने, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याने, पिस्टन जातो.

कायदाही सांगायलाच हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदणीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वेग अनुभवायचा तर ट्रॅकवर या.

वेळ संपली. तो शाफ्ट आणि चिरलेली नळी दाराजवळच्या टेबलावर ठेवलीय. हातात घ्या. बेअरिंगच्या जागी निळसर पट्टा दिसेल, तिथे तेल पोचलं नव्हतं.