उसनं बहुमत : फ्रान्सची दोन फेऱ्यांची निवडणूक

मित्रहो, २१ एप्रिल २००२ हा रविवार होता. फ्रान्समध्ये मतदान रविवारीच होतं, आणि रात्रीचे आठ वाजेपर्यंत निकालाचा अंदाजसुद्धा जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे आठच्या ठोक्याला सगळा देश टीव्हीसमोर असतो. त्या रात्री पडद्यावर दोन चेहरे आले. एक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक. त्यात नवल नव्हतं. दुसरा चेहरा समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांचा असणार, असं सगळेच धरून चालले होते. तो निघाला अतिउजव्या पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन यांचा. नात्सींच्या गॅस चेंबर्सना दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातला 'एक तपशील' म्हणणारा हा माणूस देशाच्या सर्वोच्च पदापासून एक पाऊल दूर उभा होता. जोस्पँ त्याच रात्री कार्यकर्त्यांसमोर आले, पराभवाची जबाबदारी आपली आहे म्हणाले आणि राजकारणातून बाजूला होत असल्याचं त्यांनी सांगितलं. सभागृहातून 'नाही, नाही' असा आक्रोश उठला.

हे कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९५८च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाची निवड सुमारे ऐंशी हजार लोकप्रतिनिधी करत होते. ऑगस्ट १९६२मध्ये पॅरिसजवळ प्ती-क्लामार इथे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. ते बचावले. आपल्यामागून येणाऱ्याला लोकांचा थेट कौल हवा, हा आग्रह त्यांनी लावून धरला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सार्वमत घेतलं. नियम असा ठरला की पहिल्या फेरीत वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं कुणाला मिळाली तर तो निवडून आला. नाही मिळाली, तर पहिले दोघे दोन आठवड्यांनी पुन्हा समोरासमोर. १९६५ला खुद्द द गॉल ४४.६५ टक्क्यांवर अडकले आणि त्यांना डाव्यांचे उमेदवार फ्रान्स्वा मित्तराँ यांच्याशी दुसरी फेरी लढावी लागली. तेव्हापासून २०२२पर्यंत अकरा निवडणुका झाल्या, पहिल्याच फेरीत एकही जण निवडून आलेला नाही.

आपल्याकडे लोकसभेला पस्तीस टक्के मतांवरही खासदार होता येतं. त्यामुळे दोन फेऱ्यांची पद्धत आपल्याला जास्त न्याय्य वाटते. निवडून आलेल्याच्या पाठीशी निम्म्याहून जास्त मतदार आहेत, असं छातीठोकपणे सांगता येतं. पण हे बहुमत कुठून येतं, ते बघायला हवं.

मतदान केंद्राच्या दारापासून सुरुवात करू या. तिथे यंत्र क्वचितच दिसतं. टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाच्या छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असतात. मतदार एक पाकीट आणि निदान दोन वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या उचलतो. एकच उचलली तर बघणाऱ्याला मत कळेल, म्हणून. पडद्याआड जाऊन एक चिठ्ठी पाकिटात घालायची, बाकीच्या टाकून द्यायच्या, आणि पाकीट पारदर्शक पेटीत सोडायचं. पेटीजवळचा अधिकारी मोठ्याने पुकारतो की यांनी मत दिलं. संध्याकाळी मोजणीलाही गावातले मतदारच बसतात. आपल्याकडच्या पुदुच्चेरीत आजही काही हजार फ्रेंच नागरिक आहेत, तेही या निवडणुकीत मत देतात.

२००२च्या त्या रविवारी टेबलावर सोळा गठ्ठे होते. शिराक यांना १९.८८ टक्के मतं पडली, ल पेन यांना १६.८६, जोस्पँ यांना १६.१८. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात फरक १ लाख ९४ हजार ६०० मतांचा. जोस्पँ यांचं सरकार पाच पक्षांच्या आघाडीचं होतं, आणि उरलेल्या चारही पक्षांच्या गोटातून उमेदवार उभे होते: कम्युनिस्टांचे रोबेर ह्यू, हरित पक्षाचे नोएल मामेर, त्याच सरकारात गृहमंत्री राहिलेले शेव्हेनमाँ, आणि फ्रेंच गयानाच्या क्रिस्तियान तोबिरा. या चौघांची बेरीज १६.२७ टक्के, म्हणजे खुद्द जोस्पँ यांच्यापेक्षा जास्त. एकट्या तोबिरांना ६ लाख ६० हजार मतं होती. शिवाय तीन ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे कट्टर क्रांतिवादी डाव्या, उमेदवारांनी मिळून दहा टक्क्यांवर मतं नेली.

यावरून तोबिरांना पुढे वर्षानुवर्षं बोल लावला गेला. मला ते पटत नाही. लोकशाहीत उभं राहणं हा गुन्हा नव्हे. आणि जोस्पँ यांनी प्रचाराच्या सुरुवातीलाच आपला कार्यक्रम समाजवादी नाही असं सांगून टाकलं होतं, तेव्हा समाजवादी मतदाराने दुसरीकडे बघितलं तर त्याचा दोष किती काढायचा? फ्रान्समध्ये रुळलेलं एक वचन आहे: पहिल्या फेरीत निवडायचं, दुसऱ्या फेरीत नको त्याला बाद करायचं. मतदार त्या वचनाला धरूनच वागले. मनातल्या माणसाला आत्ता मत देऊ, जोस्पँ यांचं दोन आठवड्यांनी बघू. पण बाद करण्याचं मोठं काम पहिल्याच फेरीत होतं. चौदा जण तिथेच गळतात, आणि तुमचा माणूस त्यात गेला तर दुसऱ्या फेरीच्या रविवारी तुमच्यासाठी टेबलावर काहीच उरत नाही.

पुढचे दोन आठवडे फ्रान्स रस्त्यावर होता. १ मे रोजी देशभरातल्या मोर्च्यांत दहा लाखांहून जास्त माणसं आली. शिराक यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते, म्हणून भामट्याला मत द्या पण फॅसिस्टाला नको, अशा घोषणा फलकांवर होत्या. शिराक यांनी ल पेन यांच्याशी दूरचित्रवाणीवर वादचर्चा करायलाही नकार दिला. ५ मे रोजी शिराक ८२.२१ टक्के मतांनी निवडून आले. छप्पन्न लाखांची मतं अडीच कोटींवर गेली. ल पेन जवळपास जागेवरच राहिले. त्यांची पहिल्या फेरीतली मतं आणि त्यांच्यातून फुटलेल्या मेग्रे यांची मतं मिळवली, तर दुसऱ्या फेरीचा आकडा जवळजवळ तोच येतो.

हे दुसऱ्या पसंतीचं गणित आपल्यालाही नवं नाही. आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, आणि ते एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. दुसरी फेरी तिथेच, कागदावर होऊन जाते. १९६९ला व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यासमोर तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या मोजणीत गिरींची ४ लाख १ हजार ५१५ मतमूल्यं कोट्याला, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या निम्म्याहून जास्त मतमूल्याला, कमी पडली. खालचे उमेदवार एकेक करून गळाले, देशमुखांच्या १ लाख १२ हजार ७६९ची दुसरी पसंती मोजली गेली. तिचा मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी थोडक्या भरीवर गिरी ४ लाख २० हजार ७७पर्यंत पोचले आणि राष्ट्रपती झाले. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्याला आपला दुसरा आवाज मतपत्रिकेवरच नोंदवता आला होता. तोबिरांच्या मतदाराला ती सोय असती, तर २००२ची कहाणी वेगळी झाली असती असं मला ठामपणे वाटतं.

फ्रेंच पद्धतीत मिळणारं बहुमत हे उसनं असतं, आणि उसनं फेडायला लावणारं कलम त्यांच्या घटनेत नाही. शिराक यांनी आपल्याच उजव्या गोटातले रफारँ यांना पंतप्रधान केलं. जूनमध्ये संसदेत त्यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. २००३ला सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनासाठी लागणारी वर्गणीची वर्षं साडेसदतीसवरून चाळीसवर नेली गेली, तेव्हा ज्या डाव्या संघटनांनी वर्षभरापूर्वी ल पेन यांना रोखण्यासाठी मोर्चे काढले होते, त्या आता सरकारविरुद्ध मोर्चे काढत होत्या.

वीस वर्षांनी, एप्रिल २०२२मध्ये, दुसऱ्या क्रमांकावरच्या मारीन ल पेन (जाँ-मारी यांची मुलगी) आणि तिसऱ्या क्रमांकावरचे डावे मेलांशाँ यांच्यात सव्वाचार लाख मतांचा फरक होता, आणि कम्युनिस्ट उमेदवाराकडे आठ लाख. दुसऱ्या फेरीत इमॅन्युएल मॅक्राँ ५८.५५ टक्क्यांनी निवडून आले. त्या रात्री ते जाहीरपणे म्हणाले की अनेकांनी मला माझ्या विचारांसाठी मत दिलेलं नाही, अतिउजव्यांना अडवण्यासाठी दिलं आहे, आणि या मताने माझ्यावर जबाबदारी टाकली आहे. ते मनापासून म्हणाले असतील, मी शंका घेत नाही. पुढच्या मार्चमध्ये निवृत्तीचं वय बासष्टवरून चौसष्ट करणारं विधेयक त्यांच्या सरकारने घटनेच्या एकोणपन्नासाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली, कनिष्ठ सभागृहात अंतिम मतदान न घेता मंजूर करून घेतलं.