लिटरभर पेट्रोल, दोन तिजोऱ्या

(दृश्य: मुलुंड चेकनाका, ट्रकची रांग)

३० जून २०१७ पर्यंत मुंबईत माल आणणारा ट्रक इथे थांबायचाच. बिलं दाखवा, जकात भरा, मग पुढे चला. दहिसर, ऐरोली, मानखुर्दलाही हीच तऱ्हा. त्या मध्यरात्री जीएसटी लागू झाला आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा आटला. तेव्हापासून पालिका राज्य सरकारच्या भरपाईवर अवलंबून आहे.

(दृश्य: राज्यघटनेची प्रत, सातवी अनुसूची)

कोणी काय बघायचं, हे सातव्या अनुसूचीत लिहून ठेवलंय. संरक्षण, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे. तिसरी यादी सामाईक. शिक्षण आणि वनं १९७६ साली, ऐन आणीबाणीत, राज्यांच्या यादीतून तिथे गेली. जकातीचा अधिकार राज्यसूचीतल्या ५२ व्या नोंदीत होता. १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंदच वगळली.

बदल्यात राज्यांना जीएसटी परिषदेत, म्हणजे जीएसटीच्या दरांची शिफारस करणाऱ्या केंद्र-राज्यांच्या मंडळात, जागा मिळाली. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठरावाला मात्र तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे झाडून सारी राज्यं एक झाली तरी केंद्र अडून बसलं की ठराव पडलाच. केंद्रालाही एकट्याच्या बळावर काही रेटता येत नाही, हेही खरं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत.

(दृश्य: पेट्रोल पंप, मीटरवर पळणारे आकडे)

पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीबाहेर आहेत. का, ते इथे कळतं.

२०२१ च्या अर्थसंकल्पानंतर लिटरभर पेट्रोलवर केंद्राचा कर होता ३२ रुपये ९० पैसे. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे उपकर आणि अधिभार. राज्यांशी वाटून घ्यायचं ते मूळ शुल्क. उपकर आणि अधिभार केंद्राचेच. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. महाराष्ट्राचा त्यातला हिस्सा ६.३१७ टक्के. म्हणजे लिटरमागे साडेतीन पैशांच्या आसपास!

महाराष्ट्राची कीव करायला नको. त्याच वर्षी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर राज्याचा व्हॅट २६ टक्के होता, वर लिटरमागे १० रुपये १२ पैशांचा अधिभार. हा पैसा थेट मुंबईत जमा होतो, दिल्लीकडे मागावा लागत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनऊच्या बैठकीत पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणण्याचा विषय निघाला. ही वेळ नव्हे, असं परिषदेचं मत पडलं. केंद्रानेही फारसा आग्रह धरला नाही.