बुंध्यापासून एक वीत लांब

नमस्कार श्रोतेहो. झाडांभोवतीच्या मातीवर लाकडाच्या ढलप्यांचा थर कसा द्यायचा, ते आज बघू. फुलकिडे गुलाबाच्या कळ्यांवर पोसतात, पण त्यांतले बरेचसे कोषावस्थेसाठी मातीत उतरतात. मातीवर ढलप्यांचा थर असला की ही वाट काहीशी अडते. देवदाराच्या ढलप्या मिळाल्या तर उत्तम, त्यातल्या तेलाचा वास काही किडींना सोसत नाही. वास उडाला की वरून ताजा थर द्यायचा.

आता नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका आंब्याची हकिकत ऐका. बंगल्याच्या अंगणातलं केशरचं तरणं कलम. घरच्या काकूंनी मे महिन्यात वखारीतून पोतंभर ढलप्या आणल्या आणि सगळ्या बुंध्याशीच रचल्या, गुडघाभर उंच. पाऊस लागला, ढीग आतून ओला तो ओलाच. गणपतीत पानं पिवळी पडायला लागली. माळीकाकांनी ढीग उपसला, तर सालीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या! काकू म्हणाल्या, "वखारवाल्यानं वाळवीच दिली." माळीकाका म्हणाले, "ताई, वाळवी जमिनीतच असते. ओल, अंधार आणि लाकूड तिला आपण एकाच जागी दिलं." त्यांनी नळ्या ब्रशनं खरवडल्या, ढलप्या उन्हात पसरल्या, बुंध्याभोवती एक वीत माती उघडी ठेवली आणि तिच्याबाहेर फक्त दोन इंचांचा थर दिला. दिवाळीनंतर त्या आंब्याला तांबूस पालवी आली.

म्हणून सांगतो: मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून एक वीत लांब, गुलाबापासून चार बोटं. जाडी दोन इंच. तीन फूट बाय तीन फूट वाफ्याला वीस लिटरच्या दोन बादल्या ढलप्या पुरतात. आधी तण काढा, पाणी द्या, मग पसरा. ताजा भुसा मातीत कालवू नका. तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. प्लायवुडचा भुसा नकोच, त्यात डिंकाची रसायनं असतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडची लाकडी खोकी फोडून ढलप्या करणार असाल, तर शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालतं. एमबी म्हणजे विषारी धुरी दिलेलं, ते घेऊ नका.

आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवण्याची जी हौस आली आहे, ती मला मुळीच पटत नाही. झाडाच्या मुळांना हवा आणि पाणी मिळायला हवं.

पावसाळ्यात थर एक इंचावर आणा, नाहीतर खाली गोगलगायी आणि वाणी किडे जमतात. आठवड्यातून एकदा हातानं थर उचलून बघा. उरलेल्या ढलप्या कोरड्या गोणीत ठेवा आणि पाऊस ओसरला की पुन्हा पसरा, बुंध्यापासून एक वीत लांब.